अर्जदार

ज्या गावी कचेरी त्या गावी अर्जदार, हा सृष्टिनियमच आहे. आणि 1999 साली देवळा हे तालुक्याचे ठिकाण होऊन, ज्या कागदासाठी पूर्वी कळवण गाठावे लागे तो कागद पायी जाऊन दाखल करण्याची सोय झाली, तेव्हापासून आमच्या गल्लीतील नानांच्या प्रतिभेला जो बहर आला तो अद्याप ओसरलेला नाही. नाना सेवानिवृत्त तलाठी. दप्तर सरकारजमा झाले, परंतु दप्तराची भाषा त्यांनी घरी आणली. त्यामुळे शेजारच्या जिजींचे मांजर भिंतीवरून उतरून परसातील मेथीचा वाफा उकरते, ही इतरांनी एक खडा भिरकावून निकालात काढली असती अशी गोष्ट त्यांच्या लेखी ‘बेकायदा प्रवेश, उभ्या पिकाची नासधूस व हद्दीचा भंग’ अशी त्रिविध फिर्याद होऊन बसते.

ते मांजर जिजींचे, हाच मुळात वादाचा मुद्दा. जिजी त्याला सकाळी दुधात भाकरी कुसकरून घालतात, थंडीत गोणपाट अंथरतात. पण ते आपण पाळलेले आहे हे मात्र त्या साफ नाकबूल करतात. नाना भिंतीपलीकडून मजकूर जनावराच्या वर्तनाबद्दल खुलासा मागू लागले, की भांडी घासता घासताच त्यांची कैफियत येते : “नाना, मांजर काय मनं ऐकस का?” यावर नाना वहीत नोंद करतात : ‘प्रतिवादीने मालकी नाकारली, खुराक कबूल.’

बांधाबांधांवरून सख्खे भाऊ मामलेदाराच्या दारी उभे राहिलेले नानांनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते, आणि 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचे कलम 5 त्यांना रामरक्षेइतके पाठ होते. सबब भिंतीच्या माथ्यावरून जाणारा मांजराचा रस्ता हा वहिवाटीचा धरावा काय, हा प्रश्न त्यांनी कित्येक रात्री चिंतिला. अखेर 1882 चा सुविधाधिकाराचा कायदा मदतीस आला. त्यान्वये असा हक्क शाबीत होण्यास 20 वर्षांचा अखंड व निर्वेध उपभोग लागतो. आणि मांजराचे आयुष्य सामान्यतः तितके नसल्यामुळे कोणतेही मांजर आपला हक्क सिद्ध करण्यापूर्वीच कैलासवासी होते, या शोधाने नाना इतके संतुष्ट झाले की त्या दिवशी त्यांनी वाफ्याकडे पाहिलेही नाही. मांजराने मात्र पाहिले.

नाना दुष्ट आहेत असा ग्रह कोणी करून घेऊ नये. जुन्या दंड संहितेच्या कलम 428 मध्ये गुन्हा होण्यासाठी जनावर निदान 10 रुपये किमतीचे असावे लागे, आणि या मांजराची किंमत तेवढी भरेल काय अशी शंका ते पूर्वी मोठ्याने व्यक्त करीत. पण 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत किमतीची अटच उरली नाही, हे त्यांनीच आपण होऊन जिजींना सांगितले. शिवाय मांजर मारल्यास काशीस सोन्याचे मांजर वाहावे लागते ही समजूत आहेच, आणि सोन्याचा भाव नाना रोज वर्तमानपत्रात पाहतात.

खरे नाना दिसतात ते उन्हाळ कांदा चाळीत पडल्यावर. भाव चढेल या आशेवर माल दिवाळीपर्यंत राखायचा, चाळीच्या तळाशी हवेसाठी सोडलेल्या पोकळीत उंदरांनी संसार थाटायचा, बारदान कुरतडायचे, आणि घरच्या डोंगळ्यांचे जपून ठेवलेले उळे एके रात्री पिशवीतून सांडलेले आढळायचे; असे झाले की अर्जांची वही बंद होते आणि चाळीच्या दाराशी दुधाची वाटी दिसू लागते. तेव्हा जिजींनी मांजराला घरात कोंडले, तर ‘सार्वजनिक उपयोगाच्या प्राण्यास अटकाव’ केल्याची तक्रार करण्यास नाना कमी करीत नाहीत. अमरावतीचे सिव्हिल सर्जन बुकॅनन यांनी 1908 मध्ये प्लेगवर उपाय म्हणून घरोघर मांजरे बाळगण्याचा आग्रह धरला होता, हा दाखला ते अशा वेळी इतक्या आदराने देतात, की जणू ते साहेब खात्यात त्यांचे वरिष्ठ होते. थोडक्यात, उपद्रव जिजींच्या खाती आणि उपयोग आपल्या खाती, असा सातबारा त्यांना हवा आहे. आणि असा उतारा मागणारे नाना, मला वाटते, एकट्या देवळ्यातच नाहीत.

यंदा त्या मांजराने नानांच्याच चाळीत, कांद्याच्या रिकाम्या क्रेटमध्ये, चार पिल्ले घातली. “आता कोनी हाई?” एवढेच जिजींनी भिंतीवरून विचारले. नानांनी रीतसर पंचनामा केला, जन्मस्थळ आपल्या हद्दीत असल्याचे मान्य केले, आणि मातृत्व जिजींकडे असल्याने वारसाहक्कही तिकडेच जातो, असा युक्तिवाद लिहून ठेवला. एक पिल्लू मात्र त्यांनी चाळीसाठी राखून ठेवले आहे. उरलेली तीन विनामूल्य द्यावयाची असून, इच्छुक वाचकांनी देवळ्यास समक्ष यावे. मात्र पिल्लू परत करणार नाही, अशा लेखी हमीवर सही करावी लागेल.