मिस्त्री, फिल्टर तेवढा परत मागे न्या

प्रिय मिस्त्री,


पत्र अभिनंदनाचं आहे. गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांनी पेट्रोलचा फिल्टर मागे टाकीजवळ, गाडीच्या पोटाखाली बसवला होता. बिचाऱ्यांना भीमाशंकरचा रस्ता ठाऊक नसावा. खालून दगड लागतात, चिखल बसतो, हे तुम्ही ओळखलंत आणि फिल्टर थेट बॉनेटखाली आणलात. 'आता हात घातला की फिल्टर हातात,' असंही म्हणालात.

अगदी खरं. डिंभ्याच्या पुढचा चढ चढून तळेघरला पोचलो, गाडीत पेट्रोलचा वास कोंदला म्हणून बॉनेट उघडलं, तर फिल्टर हाताशीच होता. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वीतभर वर लोंबत होता. तुमचा प्लॅस्टिकचा टाय उष्णतेनं मऊ पडून ताणला होता. नळीच्या क्लिपपाशी थेंब जमायचा, फुगायचा, खाली पडायचा आणि टेकताक्षणी उडून जायचा. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही पोरं होती.

बिलात 'ओरिजिनल' लिहिलेला फिल्टर प्लॅस्टिकचा निघाला, ते सोडून देतो. बॅटरीची वायर न काढता काम केलंत, तेही सोडतो. विडी तेवढी विझवली होतीत, त्याबद्दल आभार.

पण जागा! अख्ख्या गाडीत तुम्हाला तीच जागा सापडावी? पेट्रोलच्या वाफेला दर वेळी ठिणगी लागतेच असं नाही. अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या पुढे ती आपणहून पेटू शकते, आणि चढावर दामटलेल्या इंजिनचा मॅनिफोल्ड त्याच्या कितीतरी पुढे तापतो. त्यात ही इंजेक्शनची गाडी. लाइनमध्ये 3 बारच्या आसपास दाब, इंजिन बंद केलं तरी बराच वेळ टिकणारा. तिला तुम्ही साधी रबरी नळी लावलीत आणि क्लिप अशी आवळलीत की नळीच कापली गेली. दगडाचीच भीती होती ना? मग आहे त्या जागी खालून पत्र्याचा एक गार्ड आवळायचा होता. अर्ध्या तासाचं काम! त्यासाठी माझी माणसं जाळायला निघालात तुम्ही?

राग आहेच, पण सगळा तुमच्यावर नाही. तुमचा हात कार्बोरेटरवर बसला. तेव्हा फिल्टर बॉनेटखालीच असायचा, दाब नावापुरता, साधी नळीही चालून जायची. 2000 सालाच्या आगेमागे इंजेक्शन आलं, ते तुम्हाला कुणी शिकवलं? कंपन्यांचे ट्रेनिंगवाले घाट चढून वर आले नाहीत. पावसाळ्यात रात्री गाडी बंद पडली, तर मंचरहूनही कोणी येत नाही. छत्री मानेत धरून तुम्हीच येता. अडलेल्या बाईला घोडेगावला नेणारी जीप तुम्ही टाकीच्या भोकाला साबणाची वडी चोळून मार्गी लावलीत, हे मी पाहिलंय.

तर गुरुवारी येतो. इंजेक्शनची नळी, तिच्या गोल कडेच्या क्लिपा आणि लोखंडी फिल्टर मी पुण्याहून आणतो. आधी पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. फिल्टरवरचा बाण इंजिनच्या दिशेनं. जोडून झालं की फ्यूज आणि निगेटिव्ह परत लावू, स्टार्टर न मारता चावी दोन-तीनदा ऑन करू आणि टॉर्च लावून प्रत्येक जोड बघू.

गार्डचा पत्रा तेवढा कापून ठेवा. त्याचे पैसे वेगळे देईन.

तुमचं जुनं गिऱ्हाईक