ॲव्हरेज किती देतं?

घरात लेथ ठेवणाऱ्या माणसाकडे सोसायटी दोन नजरांनी पाहते. निम्म्या लोकांना वाटतं, याची नोकरी गेली असणार. उरलेल्यांना वाटतं, बरं झालं, आता कुकरच्या दांड्याचं काम होईल. चाळीसेक किलोचं माझं मिनी लेथ आमच्या पुण्यातल्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या जागी विराजमान आहे. वॉशिंग मशीन कुठे गेलं, हा विषय आमच्याकडे जेवताना काढत नाहीत.

मला करायचं होतं स्टर्लिंग इंजिन. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने १८१६ साली शोधलेलं. ना पेट्रोल, ना स्फोट, ना धूर. एक टोक स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं, दुसरं गार ठेवायचं; आतली हवा फुगते, आकसते आणि चाक फिरतं. पाद्रीबुवांचं असल्याने यंत्र स्वभावाने शांत आहे. करणारा मात्र तसा राहत नाही.

सगळं घोडं अडतं पिस्टनपाशी. या चिमुकल्या इंजिनाच्या पिस्टनला रिंगा नसतात, कारण त्यांच्या घर्षणातच इंजिनाची सगळी ताकद संपेल. म्हणून २० मिलिमीटरचा पोलादी पिस्टन सिलिंडरमध्ये असा बसवायचा, की तो अडकू नये आणि हवाही निसटू नये. मधली फट दहाएक मायक्रॉन. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. परीक्षाही ठरलेली. सिलिंडरचं खालचं तोंड बोटाने दाबायचं आणि वरून पिस्टन सोडायचा. तो हवेवर थबकला आणि बोट काढताच आपल्या वजनाने सरसर खाली आला, तर पास. बोट असतानाही धाडकन पडला, तर तो पिस्टन नव्हे, बुद्धिबळातलं प्यादं. बोट काढूनही जागचा हलला नाही, तर पेपरवेट. आमच्या घरात एकही कागद उडत नाही.

त्यात धातूला मूड असतात. मशीनवरून उतरलेला जॉब गरम असतो. ३० अंशांनी तापलेलं २० मिलिमीटरचं पोलाद साधारण सात मायक्रॉन फुगतं. गरम असताना मायक्रोमीटरवर अगदी बरोबर भरलेला पिस्टन आपण चहा पिऊन येईपर्यंत वाळलेला असतो. मोजमापासाठी जगाने प्रमाण तापमान ठरवलंय २० अंश सेल्सिअस. ठरवणाऱ्यांनी मे महिन्यातली आमची बाल्कनी पाहिली नसावी. म्हणून शेवटचे दोन-चार मायक्रॉन टूलने काढत नाहीत. लॅपिंग पेस्ट लावून हाताने घासत बसतात. जप करणारी सासूबाई आणि लॅपिंग करणारा जावई एकाच वेळी दिसल्यावर पाहुण्यांना आमचं घर फार धार्मिक वाटतं.

पूर्वीचे लोक सुखी होते. जॉन विल्किन्सनने जेम्स वॉटच्या इंजिनासाठी ५० इंची सिलिंडर बोअर केलं. त्यात जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असं वॉटचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी १७७६ मध्ये कौतुकाने लिहून ठेवलंय. तेवढ्या फटीतून आमच्या बाल्कनीतली मुंगी तोंडात साखरेचा दाणा घेऊन जाईल. पण त्या फटीवर औद्योगिक क्रांती झाली, आणि माझ्या दहा मायक्रॉनवर शेजारीण म्हणते, ‘‘भाऊजी, एवढं बारीक काम करता, मग आमच्या मिक्सरचा कपलर का नाही बसवून देत?’’

खरी गोची हीच. पितळेचा कीस गालिच्यात, मोज्यात, एकदा तर श्रीखंडात सापडला, तेही घराने सोसलं. चक सुरू झाला की खालच्या मजल्यावरचं बाळ उठतं, त्यांनीही सोसलं. पण ‘उपयोग काय?’ या प्रश्नातून सुटका नाही. सासूबाईंच्या समईचे आटे गेले होते, ते नव्याने पाडून दिले, तेव्हा लेथला पहिल्यांदा हळदकुंकू लागलं. मग नळाचा स्पिंडल आला, खुर्चीचं बुश आलं, कुणाच्या तरी नातवाचा भोवरा आला. इंजिन सोडून सगळं तयार होत होतं.

शेवटी इंजिनही फिरलं. टिकटिक करत, दिव्याच्या ज्योतीवर, मिनिटाला काहीशे फेरे. बघायला अर्धी सोसायटी जमली. पहिला प्रश्न अर्थातच, ‘‘ॲव्हरेज किती देतं?’’ दुसरा, ‘‘यावर मोबाईल चार्ज होईल?’’ नाही. ‘‘निदान मोटर तरी चालेल, पाणी चढवायची?’’ नाही. मी चाकाच्या दांड्यावर पत्र्याचा छोटा पंखा बसवला होता, तो दाखवला. त्याचा वारा कुणालाच लागेना.

‘‘मग हा वारा जातो कुठे?’’ मंत्रालयातून निवृत्त झालेल्या शेजारच्या काकांनी विचारलं.

मी सांगितलं, की इंजिनाचं दुसरं टोक गार राहिलं तरच ते चालतं. पंखा त्या टोकाला वारा घालतो.

‘‘म्हणजे हे इंजिन चालतं ते पंखा फिरवायला, आणि पंखा फिरतो ते इंजिन चालावं म्हणून?’’

‘‘हो.’’

काकांचा चेहरा उजळला. ‘‘याला बिनकामाचं कोण म्हणतं? अहो, अशा खात्यात मी तेहतीस वर्षं काढली!’’