मे महिन्याचा मामा

मामा हे नातं बारमाही असलं, तरी मामा हा माणूस एप्रिलचा शेवटचा आठवडा ते जूनचा पहिला आठवडा एवढाच काळ फुलतो. उरलेलं वर्ष तो कुठल्याशा पतसंस्थेत कारकून असतो. दूध आणतो, लाइटबिल भरतो, मामीने सांगितलेल्या दोन वस्तूंपैकी एक विसरून येतो. त्याला फारसं कुणी विचारत नाही. मग शाळांच्या परीक्षा संपतात, पुण्या-मुंबईच्या बहिणी पोरं घेऊन माहेरी यायला निघतात आणि या गृहस्थाच्या चालण्यात फरक पडतो. शर्टाच्या खिशात डायरी येते, डोक्यावर पांढरी टोपी चढते आणि कुणी काही विचारायच्या आतच तो म्हणतो, "मी बघतो सगळं. तुम्ही काळजी करू नका." काळजी नेमकी तिथून सुरू होते.

असा मामा तालुक्याच्या प्रत्येक गावी असतो. मी सांगतोय तो वाईचा. वाईचा मामा या जातीत जरा चढेल निघतो, कारण उरलेला महाराष्ट्र पैसे मोजून त्याच्या परसात सहलीला येतो. पसरणीचा घाट चढला की बारा-तेरा किलोमीटरवर पाचगणी, त्याच्यापुढे महाबळेश्वर. खाली कृष्णा, तिच्या काठचे घाट, मेणवली, धोम. शिवाय मराठी विश्वकोशाचं काम याच गावात उभं राहिलं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली. मामाचा विश्वकोशाशी संबंध इतकाच की त्या रस्त्याने तो पतसंस्थेत जातो. पण "जगातली सगळी माहिती आपल्या गावात तयार होती," असं एकदा म्हटलं की पुढे कुठलीही गोष्ट तपासून बघायची गरज त्याला उरत नाही.

सहलीची आखणी गच्चीवर होते. संध्याकाळी गच्चीवर पाणी मारायचं, फरशीची वाफ निघून गेली की ओळीने गाद्या टाकायच्या. दिवसा तिथेच कुरडया वाळत असतात, त्यामुळे रात्री उशीखाली एखादी सापडते आणि तिच्यावरून भाचरांत मारामारी होते. ती मिटली की मामा डायरी उघडतो. डायरीत सहलीचं ठिकाण नसतं, वेळ नसते. असतो तो एसटीचा हिशेब.

हा हिशेब म्हणजे मामाचा खास प्रांत. पाच वर्षांखालचं पोर फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, हे त्याला स्वतःच्या मुंजीपासून पाठ. पण 2022 च्या ऑगस्टात पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली, पाठोपाठ 2023 च्या मार्चात बायकांना निम्मं तिकीट झालं, आणि या हिशेबाला शास्त्राची प्रतिष्ठा आली. आजी फुकट. दोन्ही आक्का अर्ध्यात. भाच्या अर्ध्यात. शेजारचे अण्णा पासष्टच्या पुढचे, तेही अर्ध्यात, म्हणून त्यांना मुद्दाम बरोबर घ्यायचं. अण्णांमुळे खर्च वाढतोच, हे त्याच्या लक्षात आणून दिलं तर तो दुखावतो. सरकारने दिलेली सवलत घरी बसवून ठेवणं त्याला पटत नाही. शेवटी पूर्ण तिकिटाचे उरतात ते तो स्वतः आणि आमचे वडील, म्हणजे त्याचे दाजी. स्वतःचं तिकीट तो धरत नाही. "दाजींचं तेवढं पूर्ण पडतंय," असं मात्र अशा सुरात म्हणतो की दाजींनी अजून पासष्टी न गाठल्याबद्दल ओशाळावं.

एवढा काटेकोर हिशेब करूनही एसटीत चढल्यावर तो कोलमडतो. कारण कंडक्टर ओळखीचा निघतो. ओळखीच्या माणसासमोर हात आखडणं मामाला जमत नाही. नुकतंच अकरावं लागलेल्या भाच्याचंही तो म्हणतो, "द्या पूर्ण, आता मोठा झालाय."

हा ओळखीचा माणूस म्हणजेच मामाची सहल. ते आम्हाला कळायला काही उन्हाळे जावे लागले. मामा आम्हाला मेणवलीला नेतो, धोमला नेतो असं आम्ही समजत होतो. प्रत्यक्षात तो आम्हाला माणसांपुढे नेत होता. ठिकाण हे वाटेत लागे. मामाला रस्ते पाठ आहेत, डोळे बांधून सोडलं तरी तो मेणवलीच्या घाटावर जाऊन उभा राहील. तरी तो रस्ता विचारतो.

"काय पाटील, मेणवलीला असंच जायचं ना?"

"आवो, तुम्हीच तर दाखवला की मला हा रस्ता!"

"तसं नव्हं, पाहुणे आहेत बरोबर. मुंबईचे."

मग पाटील सायकल स्टँडवर लावतात. पाहुणे कोण, कितवीला, मुंबईत कुठे, चाळ की फ्लॅट. पाटलांचा एक चुलतभाऊ घाटकोपरला, तुम्ही ओळखता का? दाजी ठाण्याला राहतात, ते ओळखत नाहीत. हे कळल्यावर पाटलांच्या मनातून दाजी उतरतात, पण मामा सावरून घेतो. तोवर समोरच्या गुऱ्हाळातून आले-लिंबू घातलेला उसाचा रस येतो, कारण गुऱ्हाळवालाही मामाच्या पतसंस्थेचा सभासद. घरातून सकाळी सातला निघालेली मंडळी साडेदहाला गणपती आळीतच असतात.

त्यामुळे ढोल्या गणपती आमचा वर्षानुवर्षं अगदी सावकाश बघून झालेला आहे. 1762 मध्ये रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ. मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. मामा ही भिंत दाखवतो तेव्हा रास्त्यांनी आकार ठरवण्याआधी त्याच्याशी बोलणी केली असावीत, असं वाटतं. पूर आला होता तेव्हा पाणी कुठवर होतं, हे तो दर वर्षी हात वर करून दाखवतो आणि हात दर वर्षी थोडा वर जातो.

घाटावर पोहणं हा मधला कार्यक्रम. उन्हाळ्यात कृष्णेला पाणी किती असेल हे पंचांगात नसतं, ते धोम धरणावर ठरतं. पाणी कधी सुटणार हे पाटकऱ्याकडून मामाला आधी समजतं, निदान तो तसं सांगतो. मामा स्वतः पाण्यात उतरत नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो खालच्या पायरीवर उभा राहतो आणि "पाय मार, पाय मार, श्वास सोड" अशा सूचना देतो. त्या सूचनांवर आमची एक पिढी पोहायला शिकली. मामाला पोहता येत नाही, हे आमच्या लग्नांनंतर मामीने सांगितलं.

मेणवलीला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेलं असतं. नाना फडणविसांचा वाडा मामा झटपट उरकतो, कारण तिथे त्या वेळी ओळखीचं कुणी नसतं. घाटावरच्या घंटेपाशी मात्र तो थांबतो. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. घंटेवर मेरी आणि बाळ येशू आहेत, आणि ती महादेवाच्या दारात टांगलेली आहे. "आपण आणली ही," मामा सांगतो. या ‘आपण’मध्ये चिमाजी अप्पांबरोबर तोही असतो. एकदा धाकट्या भाचीने विचारलं, "मग परत नाही का द्यायची?" मामाने तिच्याकडे बघितलं, घंटेकडे बघितलं आणि म्हणाला, "ऊन फार झालंय. चला, दशम्या सोडू."

याच मेणवलीत ‘स्वदेस’चं चित्रीकरण झालं. सिनेमा 2004 चा, आणि मामाच्या म्हणण्याप्रमाणे गर्दीत तोही आहे. तेव्हापासून तो टीव्हीवर लागला की घरातल्या कुणालाही चॅनल बदलायची मुभा नाही. "आता बघ, पारावर. पांढऱ्या टोपीच्या मागं." पार येतो, पांढरी टोपी येते, मागे दुसरीच पांढरी टोपी असते. "कापलं," मामा शांतपणे म्हणतो. "लांबी वाढत होती." सिनेमा साडेतीन तासांच्या आसपासचा आहे, तेव्हा लांबीबद्दलचं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही.

धोमला नृसिंहाचं देऊळ आहे, आणि महादेवापुढे कमळाच्या आकाराच्या दगडी कुंडात कासवाच्या पाठीवर बसलेला नंदी. कुंडात पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन पोहतंय असं दिसतं. ते बघावं अशी आमची फार इच्छा. पण कुंड कोरडं असे आणि मामा त्यात पाणी आहे असं समजून बघायला लावी. मग पुजाऱ्यांच्या घरी ताक, पुजाऱ्यांच्या नातवाच्या कर्जप्रकरणाची चौकशी, आणि परतीची एसटी चुकणं. एसटी चुकली की मामा खरा खुशीत. मग कुणाचा तरी ट्रॅक्टर थांबवता येतो.

दाजींनी गाडी घेतल्यावर मामाच्या राज्याला पहिला धक्का बसला. गाडीत एसी होता, आणि त्याहून वाईट म्हणजे रस्ता सांगणारा फोन होता. दाजी म्हणाले, रविवारी सकाळी पाचगणीला जाऊन येऊ. मे महिन्यातल्या रविवारी पाचगणीला जाणं ही मामाच्या मते पर्यटकांची खोड. गावच्या माणसाने असलं करायचं नसतं. तरी तो पुढच्या सीटवर बसला. फोनमधली बाई म्हणाली, "दोनशे मीटरवर डावीकडे वळा." मामा म्हणाला, "हिला विचारा दाजी, डावीकडं कोण राहतं?" बाईला सांगता आलं नाही. मामाने तिला तिथेच निकालात काढलं.

पसरणी घाटात गाड्यांची रांग लागली आणि जागच्या जागी थिजली. सगळे पुणेकर काचा वर करून घामाघूम झालेले, आणि मामाचं मात्र तेज चढत गेलेलं. तो उतरला. पहिल्या वळणावर त्याने एका टेम्पोला मागे घ्यायला लावलं, दुसऱ्या वळणावर टेम्पोवाला ओझर्ड्याचा निघाला, तिसऱ्या वळणावर करवंदं विकणारी म्हातारी मामीच्या माहेरची. पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन तो परत आला तेव्हा गाडी होती तिथेच होती. मग शाहीर साबळे याच पसरणीचे, 1923 चा जन्म, हे त्याने सांगितलं. ते आम्हाला ठाऊक होतं. पण मागच्या गाडीतल्या लोकांना ठाऊक नव्हतं, म्हणून तो मागे जाऊन त्यांनाही सांगून आला. ते लोक चिंचवडचे होते. त्यांनी त्याला वेफर्स दिले.

पाचगणीला पोचल्यावर टेबललँडवर घोडेवाल्याशी भाव करण्यात अर्धा तास गेला. स्ट्रॉबेरीचा हंगाम तोवर सरत आलेला असतो, पण जॅम आणि सरबतांची दुकानं असतात आणि तिथे चव बघायला देतात. मामा सगळ्या भाचरांना ओळीने उभं करून तुतीपासून कोकमापर्यंत सर्व काही चाखायला लावतो. स्वतःही चाखतो, मान हलवतो, "गेल्या साली गोडी जरा कमी होती" असं सांगतो आणि काहीही न घेता बाहेर पडतो. दुकानातल्या पोराने एकदा चिडून विचारलं, "काका, घ्यायचं काय?" मामा म्हणाला, "तू कुणाचा रे?" पोरगा बावधनचा निघाला. त्याच्या चुलत्याने बगाडाच्या जत्रेत मामाला जेवू घातलं होतं. आम्हाला आणखी एक फेरी चाखायला मिळाली.

मामी या सहलींना येत नाही. पहाटे उठून ती धपाटे थापते, शेंगदाण्याची चटणी कुटते, दही डब्यात घालून फडक्याने बांधते, पाण्याच्या बाटल्या भरते आणि सगळ्यांना दारापर्यंत घालवते. पुण्याच्या मावशीला याचं फार वाईट वाटायचं. तिने एकदा आग्रहच धरला, वहिनी, आज तुम्ही चलाच, मी घरी थांबते. मामी कसनुशी झाली. मग मावशीला बाजूला घेऊन म्हणाली, "आक्का, वर्षभर हे घरात. मेमध्ये तेवढी दुपार मिळती. पंखा लावायचा, आढीतला चांगला पायरी बघून चोखायचा आन् झोपायचं. का काढून घेता?"

जूनमध्ये सगळे परत जातात. मामा स्टँडवर येतो, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो, ड्रायव्हरला आमची ओळख करून देतो, आणि गाडी सुटायची वेळ होऊन गेली तरी ड्रायव्हर खाली उतरून त्याच्याशी बोलत असतो.

एकदा आम्हीच ठरवलं की मामाने मुंबईला यावं. एवढी वर्षं याने फिरवलं, आता आपण फिरवू. जानेवारीत आला. गेटवे दाखवलं, म्युझियम दाखवलं, सी लिंकवरून नेलं. मामा प्रत्येक ठिकाणी हात मागे बांधून उभा राही, इकडेतिकडे बघे आणि "बरंय" म्हणे. मरीन ड्राइव्हवर त्याने एका माणसाला मंत्रालयाचा रस्ता विचारला. त्या माणसाने एका वाक्यात रस्ता सांगितला आणि निघून गेला. मामा तिथेच उभा राहिला. पाच दिवसांसाठी आलेला माणूस तिसऱ्या दिवशी बॅग भरू लागला. जाता जाता पोरांनी त्याला राणीच्या बागेत नेलं.

तो परत गेला त्या रात्री वाईला फोन लावला. मामी म्हणाली, हे आल्यापासून मुंबईचंच कौतुक चाललंय, काय दाखवलंत तरी काय? मागून मामाचा आवाज येत होता, मे महिन्यात असतो तसा. मी म्हटलं, मामाला द्या.

"मामा, पेंग्विन आवडले वाटतं?"

"कसले पेंग्विन?" मामा म्हणाला. "अरे, तिकिटाच्या खिडकीवर पोरगं बसतं ना, ते पसरणीचं आहे! आता कधीपण जा. माझं नाव सांगायचं."