बैल जुना कसा ओळखावा

जुनी लाकडी जनावरे जमवणाऱ्याने आधी एक व्हर्नियर बाळगावा. आम्ही शिरोली एमआयडीसीत कास्टिंगवर पोट भरतो, म्हणून तो खिशातच असतो. दुकानात बैलाचे वशिंड मोजून आकडा वहीत लिहावा. उपयोग शून्य, पण विकणारा जरा दबतो.

मग गाव ओळखावे. सावंतवाडीचा हत्ती रिकाम्या काडेपेटीसारखा हलका लागतो. तिथले चितारी पांगारा वापरत आले. चन्नपट्टणचा घोडा कातावर फिरवलेला, म्हणून पोट, मान, डोके सगळे गोल. रंग लाखेचा, चकाकी केवड्याच्या पात्याने घासून आणलेली. कोंडापल्लीच्या गाईचे अवयव वेगळे करून चिंचोक्याची खळ आणि भुसा कालवून जोडतात. नागपूरकडचा तान्ह्या पोळ्याचा बैल चाकांवर उभा असतो, कारण तो पोरांनी ओढायचा असतो.

वास घ्यावा. लोक बघतात, बघू देत.

झीज मात्र नीट पाहावी. पोराचा हात पोचतो तिथेच खरी झीज होते : पाठ, कान, दोरीचे भोक. पोटाखालीही रंग उडालेला असेल तर ती कामगिरी पॉलिश पेपरची. हा नियम मी माझा म्हणून सांगतो. खरा आमच्या पॅटर्न शॉपमधल्या मिस्त्रींचा. बीड थंड होताना आटते म्हणून पॅटर्न शेकडा एक मोठा करायचा, हे गणित त्यांच्या बोटांतच बसलेले.

भोसलेकालीन म्हणून आणलेला बैल मी ऐटीत त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी माझाच व्हर्नियर मागून घेतला.

"सायेब, वशिंड कशाला मोजताय? चाक मोजा, उभं आनि आडवं. लाकूड वाळंल तसं एका अंगानं जास्त आटतंय. जुनं चाक गोल ऱ्हात न्हाई."

उभे बेचाळीस मिलिमीटर. आडवेही बेचाळीस.

मग शिंग हलवले, ते हातातच आले. आत पांढरा गोंद.

"पर डोळं झ्याक काढल्यात," मिस्त्री म्हणाले. एक डोळा जरा मोठा आहे, त्यामुळे बैल सदा दचकलेला दिसतो. बिल घरी दाखवताना माझा चेहरा असाच होतो.

परवा त्याचे एक चाक फुटले. मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीत सागवानाच्या तुकड्यातून नवे करून बसवले. संग्राहकाच्या लेखी बैल आता बाद. सध्या तो माझ्या टेबलावर चलने दाबून उभा असतो. सागवान जड, त्यामुळे ओढला की उजवीकडेच वळतो. कुणाकडे जुन्या हलक्या लाकडाचा तळहाताएवढा तुकडा असेल तर कळवावे.