पासवर्डची अंधारी

पासवर्ड तीनदा चुकला की खातं ओळख दाखवेनासं होतं. पैसे आपले, नाव आपलं, आणि वर ‘काही वेळाने पुन्हा प्रयत्न करा’ हा उपदेश! हा निव्वळ अपमान आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा दौलताबादचा किल्ला चढावा. तिथले दरवाजे एका रेषेत नाहीत. हत्तीला धाव घ्यायला जागा मिळू नये म्हणून वाट मुद्दाम वाकडी ठेवली आहे. दारांवर अणकुचीदार खिळे. पुढे कातळात खोदलेला खंदक, त्यावर चिंचोळा पूल आणि मग अंधारी, म्हणजे डोंगराच्या पोटातून वर जाणारी काळीकुट्ट, वळणावळणाची वाट. तिच्या वरच्या तोंडाशी निखारे पेटवून शत्रूला धुराने कोंडायची सोय. दार कधी फुटणारच नाही, अशा भ्रमात हा किल्ला बांधणारे नव्हते. येणाऱ्याचा वेळ खायचा, हा त्यांचा हिशेब.

खात्याचाही हिशेब तोच. चार आकडी पिनच्या शक्यता १०,०००. सेकंदाला हजार आकडे चालवणारं यंत्र त्या १० सेकंदांत संपवील. दिवसाला तीनच संधी दिल्या, तर त्याच कामाला नऊ वर्षं लागतील. इतकी कळ काढणारा माणूस चोरी कशाला करील, सरकारी नोकरीच धरील. ‘पण मी मालक आहे ना!’ असाल; दाराला ते कळावं कसं? (लग्नाची तारीख पासवर्ड म्हणून ठेवणाऱ्या नवऱ्यांनी तर इथे बोलूच नये.) मग संशय आला की खातं कायमचंच का बंद करत नाहीत? कारण मग कोणीही खोडसाळ तुमचं नाव टाकून मुद्दाम तीनदा चुकेल आणि तुम्हाला जन्मभर बाहेर बसवील. म्हणून बंदी तात्पुरती.

‘तरी लोक लुटले जातातच,’ हा आक्षेप मात्र वजनदार आहे. हुशार चोर एका खात्यावर तीनदा चुकतच नाही. ‘१२३४५६’ हा एकच पासवर्ड तो हजार खात्यांवर एकेकदा लावून बघतो. त्याहून हुशार चोर दाराकडे फिरकतही नाही. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर, म्हणजे याच दौलताबादवर, आला तेव्हा तिथल्या राजाचं, रामदेवरायाचं, बरंचसं सैन्य बाहेर होतं, आणि धान्य समजून गडावर नेलेल्या गोण्यांत मीठ निघालं, असं सांगतात. गड शाबूत राहिला, पण राजाला तह करावा लागला. आपल्याकडे ओटीपीची गोणी आपण स्वतःच चोरासाठी खाली सोडतो.

तेव्हा खातं बंद पडलं तर निमूट थांबा. तेवढ्यात ‘बँकेतून बोलतोय, लगेच चालू करून देतो’ असा फोन आला, तर कापा. ओटीपी सांगून बसला असाल, तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक ताबडतोब फिरवा. त्याला पासवर्ड लागत नाही.