नानांची मोकळीक

आमच्या सोसायटीत नानांचं घर शोधायला फ्लॅट नंबर लागत नाही. पार्किंगमध्ये जिथे वर्तमानपत्रावर परात, परातीत डिझेल आणि डिझेलमध्ये दातेरी चाकं भिजत पडलेली दिसतील, त्याच्या बरोब्बर वरचा फ्लॅट नानांचा. परात काकूंची. "होती," असं काकू म्हणतात.

नानांची उभी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. निवृत्त होताना कंपनीने घड्याळ दिलं, ते कपाटात आहे. स्वतःच्या पैशाने घेतलेला मायक्रोमीटर मात्र खिशात असतो. जग ते थाऊमध्ये मोजतात. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण तीन थाऊ, झेरॉक्सचा कागद चार. काकूंचे उडदाचे पापडसुद्धा मोजून झालेत. "मधे पातळ, कडेला सहा थाऊ जास्त," हा निकाल त्यांनी विहिणीसमोर जाहीर केला होता. त्यानंतर दोन दिवस नाना पार्किंगमध्येच जास्त दिसले.

गाडी जुनी साडेतीनशेची बुलेट. चारच गिअर, तेही उजव्या पायाला; पहिला वर, बाकीचे खाली, आणि ब्रेक डावीकडे. न्यूट्रल शोधायला टाचेने दाबायचा एक वेगळा खटका. "दाखव मला दुसरी गाडी, जिला न्यूट्रलसाठी स्वतंत्र दांडा आहे!" नाना अभिमानाने म्हणतात. असा दांडा द्यायची वेळ मुळात का आली, हे त्यांना विचारायचं नसतं.

गेल्या पावसाळ्यात तिसरा गिअर निसटायला लागला. मेकॅनिक दोन तासांत करून देईल, असं मी म्हणून गेलो. नानांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तो बसवेल रे. पण मोकळीक बघेल का?"

मोकळीक हा नानांचा लाडका शब्द. दार, डब्याचं झाकण, जावई, सगळ्यांना ते तो लावतात. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. शाफ्ट दोन्ही टोकांना आवळून बसला, तर तेलाला शिरायला जागा राहत नाही, आणि कोरडं घासून सगळं जाम. फार सैल राहिला, तर चाकं आडवी सरकतात, त्यांच्या अंगावरचे डॉग, म्हणजे अडकवायचे खुंट, एकमेकांत पुरते अडकत नाहीत, आणि ऐन चढावर गिअर सुटतो. या दोहोंच्या मधली जी चिमूटभर जागा, ती वॉशर कमी-जास्त जाड करून मिळवायची.

माझ्याकडे बॅटरी धरायचं काम. "इकडे. माझ्या तोंडावर नको. इकडे म्हणजे इकडे."

झाकण लावल्यावर आत किती जागा उरते, हे दिसणार कसं? नानांनी शाफ्टच्या टोकाला फुलक्यांच्या कणकेची गोळी लावली, झाकण कसलं, उघडलं. कणीक झाकणाला चिकटून लोंबत होती. मग नातवाची खेळायची क्ले आली, वरून तेलाचं बोट. आता छान चपटी टिकली निघाली. नानांनी ती ब्लेडने मधोमध कापून कडेची जाडी व्हर्नियरने घेतली आणि कुंडली पाहावी तशी मान हलवली. "जागाच नाही."

पुढचे दोन दिवस काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर आणि पेपरवर वॉशर. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, पुसायचा, मोजायचा, पुन्हा फिरवायचा. एक थाऊ गेला की चहा. शेवटी आठ थाऊ मोकळीक मिळाली. शाफ्ट दोन बोटांनी फिरला. "लोणी!" नाना म्हणाले आणि मलाही दोनदा फिरवायला लावला. मग पॅकिंग लावून झाकण बंद, तेल, किक. गाडी गेटबाहेर पडली आणि परत आली ती ढकलत. आतून खडखड, आणि तिसरा पूर्वीपेक्षा लवकर सुटत होता.

त्या रात्री नाना कोणाशी बोलले नाहीत. पहाटे सव्वापाचला आमची बेल वाजली. दारात नाना, अंगात बनियन, एका हातात मायक्रोमीटर आणि दुसऱ्या हातात माझ्या मावसबहिणीच्या लग्नपत्रिकेचा उरलेला तुकडा.

"चौदा थाऊ!"

पॅकिंग नाना विकत आणत नाहीत. पत्रिका झाकणाच्या कडेवर ठेवून हातोडीने हलके ठोकत गेलं की नेमका आकार कापून निघतो. यंदाचं पॅकिंग त्याच पत्रिकेचं होतं. आणि नानांनी मोजमाप केलं होतं झाकण कोरडं, पॅकिंगशिवाय लावून. कसल्यावर कार्ड थोडं दबलं असेल, तरी आठाचे वीस झालेच. छत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेल्या माणसाला बाराएक थाऊंनी, तेही मंगलाष्टकांच्या मुहूर्ताखाली गाठलं होतं. "हे काकूला सांगू नकोस," ते म्हणाले. काकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या.

नाना पेठेतून नवा वॉशर आला, पॅकिंग लावून पुन्हा मोजमाप झालं. आता तिसरा बसतो. न्यूट्रल अजून टाचेनेच. परात अजून पार्किंगमध्येच, कारण सध्या मागच्या चाकाच्या बेअरिंगवर नानांचा संशय आहे.

तुमच्या घरी कार्य निघालं, तर नानांना पत्रिका आठवणीने पाठवा. मखमली, सोनेरी, गणपती उठावाने छापलेली नको. साधी, सपाट, एकसारख्या जाडीची पाठवा.