भोरपर्यंत थरथरत

वरंधा घाटात वाघजाईच्या देवळाजवळ गरम भजी मिळतात. ती खायला म्हणून डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही सकाळी सातला पुण्याहून निघालो. जीप मित्राची. वय तीस, पुढेमागे पाटे, पुढचा अ‍ॅक्सल एका नळीतला, आणि टायर असे की ट्रॅक्टरनेही दबून राहावं. शिवाय दिवाळीत मित्राने पाट्यांच्या टोकांना लांब शॅकल बसवून ती पुढून दीड इंच उंच केली होती. त्या दीड इंचाचे सोसायटीत पेढे वाटले होते.

कात्रजचा बोगदा झाला, खेड शिवापूर गेलं. एका पुलाचा सांधा ओलांडताना डावं चाक हलकंसं आपटलं आणि जीपच्या अंगात आलं. दुसरा शब्द नाही. स्टिअरिंग डावी-उजवीकडे इतक्या वेगाने हलू लागलं की त्याच्या चार काड्यांच्या आठ दिसू लागल्या. बोनेट थडथडलं, चिवड्याचा डबा उघडून चिवडा माझ्या मांडीवर आला. मित्र काहीतरी ओरडत होता. प्रत्येक अक्षराचे पाच तुकडे होत असल्यामुळे ते देवाचं नाव होतं की माझं, कळलं नाही. वेग साठावरून तिसावर आला तसं सगळं एकदम शांत झालं. जीप अशी चालू लागली की जणू आम्हीच नाचत होतो.

गाडी बिघडली की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस डॉक्टर होतो, आणि औषध मात्र आपल्या दुकानात असेल तेच सांगतो. पंक्चरवाला म्हणाला, बॅलन्सिंग. ते केलं. खरं तर बॅलन्सिंगची थरथर ठरावीक वेगाला, गुळगुळीत रस्त्यावरही येते आणि वेग वाढवला की बहुधा कमी होते. आमची थरथर खड्ड्याची वाट बघत बसायची. चहावाल्याने लिंबू-मिरची सुचवली. सगळ्यात स्वस्त निदान त्याचंच. स्पेअर पार्टवाल्याने नवा स्टिअरिंग डॅम्पर विकला. तो सहा किलोमीटर टिकला. घरातलं भांडण शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून दार लावून घ्यावं, तसं डॅम्परचं काम. सातव्या किलोमीटरला दार उघडलं.

कापूरहोळला वळून तिशीच्या वर न जाता भोर गाठलं तेव्हा भज्यांची वेळ टळून गेली होती. तिथे एका शेडमध्ये साठीचे एक मिस्त्री भेटले. मित्राने जॅक काढला, तर म्हणाले, "र्‍हाऊ द्या. चाक अधांतरी केलं की वजन जातं, मग सैल सांधाबी सोंग घेतो." स्वतः गोणपाट टाकून खाली सरकले आणि मला स्टिअरिंगवर बसवलं. "चाक वळवायचं न्हाई. नुसतं चाळवायचं. थोडं डावं, थोडं उजवं."

मी चाळवत राहिलो. खाली ते एकेक सांधा मुठीत धरत होते. मंडईतली बाई गोणीत हात घालून न बघता नासका बटाटा काढते, तसे. टायरॉडची टोकं झाली, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट झाले. ड्रॅगलिंकवर हात थांबला. "या खाली, धरून बघा." मी धरलं. रबर फाटलेलं, ग्रीस वाळून काळी खरवड झालेली, आणि आत, पडायला आलेल्या दातासारखं, एक बारीक टक. टक.

"हा एंड बदलू. पन दुखणं एवढंच न्हाई." ते पुढे सरकून शॅकलकडे बघत राहिले. मग बाहेर येऊन भिंतीला टेकलेली सायकल दाखवली. "ह्याचा चिमटा वरून मागं कललाय ना? म्हणून हात सोडला तरी चाक आपसूक सरळ होतं. तुमच्या गाडीला शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला. ती लांब केली की पाट्याचं ते टोक खाली जातं आणि अ‍ॅक्सल पुढं ओणवा होतो. चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा कलच गेला. मग चाकाला सरळ व्हायचं कुनी सांगायचं? त्यात हा सैल सांधा. जरा आपटलं की नाच सुरू." मग विचारलं, "कुनी केलं ह्ये?"

"आधीच्या मालकाने," मित्र म्हणाला.

"पाचर मारून कल परत आणता येईल. पन जुन्या शॅकल असत्या तर बरं झालं असतं."

मित्र क्षणभर घुटमळला. मग त्याने सीटखाली हात घालून एक पुडकं काढलं. मिस्त्रींनी कागद सोडला. आत जुन्या शॅकल होत्या आणि कागदावर यंदाच्या दिवाळीच्या आकाशकंदिलांची पानभर जाहिरात. त्यांनी ती नीट वाचली, मग माझ्याकडे पाहिलं.

मला त्या दीड इंचाचे तीन पेढे मिळाले होते. पण परत त्याच जीपमधून जायचं होतं.

"हौशी होता हो तो मालक," मी म्हणालो.